काळे ॲलिगेटर व पांढरे ॲलिगेटर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय टोकाशी फ्लॉरिडा हे सखल राज्य समुद्रात दूरवर शिरलेले आहे. दलदली, उथळ सरोवरे, संथ वाहणारे ओढे आणि वर्षातील बहुतेक महिने उबदार राहणारी हवा यांमुळे हा प्रदेश सरपटणाऱ्या प्राण्यांना विशेष मानवतो. तेथील ऑर्लँडो व किसिमी या दोन शहरांच्या दरम्यान ‘गेटरलँड’ नावाचे एक प्राणी-उद्यान आहे. ‘गेटर’ हे ‘ॲलिगेटर’ या नावाचे तेथील लोकांच्या बोलण्यातील आखूड रूप होय. ओवेन गॉडविन नावाच्या गृहस्थाने १९४९ साली हे उद्यान सुरू केले. आज त्याचा विस्तार सुमारे ११० एकर आहे. जबडा वासलेल्या ॲलिगेटरचे एक प्रचंड मस्तक तेथे पूर्वीपासून प्रवेशद्वार म्हणून उभारलेले असून ते उद्यानाची खूणच होऊन बसले आहे.

आत गेल्यावर पाणथळीवरून लाकडी पूल जातात. पुलाखाली व काठावर काळपट रंगाचे मोठमोठे ॲलिगेटर ओंडक्यांप्रमाणे निश्चल पडलेले असतात. प्रथम पाहणारा दचकतो. अर्ध्या तासाने त्याला या दृश्याची सवय होते. आणि पुढे तो त्यांच्याकडे फारसे लक्ष न देता चालू लागतो. मग एका सावलीच्या आवारापाशी सारी गर्दी एकाएकी थबकते. तेथे दुधाच्या सायीसारख्या पांढऱ्या रंगाचा, निळ्या डोळ्यांचा एक ॲलिगेटर पाण्याच्या कडेला पडलेला असतो. आकार तोच, जबडा तोच, पाठीवरील खवल्यांच्या रांगाही त्याच. फक्त रंग नाहीसा झालेला आहे.

‘अतिपरिचयात् अवज्ञा’ हे वचन येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. परंतु पांढऱ्या प्राण्यापाशी थांबलेल्या प्रेक्षकाने थोडा विचार केला, तर मागे टाकून आलेल्या काळ्या प्राण्याकडे पुन्हा जावे असे त्याला वाटल्यावाचून राहणार नाही. कारण ॲलिगेटरच्या काळ्या रंगाचे मोल किती, हे त्या पांढऱ्या प्राण्याइतके स्पष्टपणे दुसरे कोणीही सांगू शकत नाही.

ॲलिगेटर म्हणजे कोण?

भारतीय वाचकाला मगर परिचयाची आहे. गजेंद्रमोक्षाच्या कथेतील नक्र, ‘मगरमिठी’ हा शब्द, ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण यांतून ती आपल्या भाषेतही शिरलेली आहे. भारतात या वर्गातील तीन जाती आढळतात : गोड्या पाण्यातील मगर, खाड्यांत व नदीमुखांत राहणारी खाऱ्या पाण्यातील मगर, आणि लांब निमुळत्या मुस्कटाचा घडियाल. ॲलिगेटर मात्र भारतात निसर्गतः आढळत नाही. जगात त्याच्या दोनच जाती आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातील, आणि दुसरी, आकाराने पुष्कळ लहान, चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातील.

ॲलिगेटर व मगर यांतील भेद तोंडावरून सहज ओळखता येतो. अमेरिकन ॲलिगेटरचे मुस्कट रुंद असून पुढे गोलसर असते. तोंड मिटल्यावर त्याचे खालचे दात वरच्या जबड्याच्या आत झाकले जातात. मगरीचे तोंड मिटले, तरी खालच्या जबड्यातील चौथा मोठा दात बाहेरून दिसत राहतो. अमेरिकन ॲलिगेटरचा पूर्ण वाढलेला नर सामान्यतः साडेतीन ते चार मीटर लांब असतो. मादी तीन मीटरांपलीकडे क्वचितच जाते.

उन्हाळ्याच्या आरंभी मादी पालापाचोळा, गवत व चिखल यांचा ढीग रचून त्यात बहुधा तीस ते पन्नास अंडी घालते. ढिगातील पाला कुजताना जी ऊब निर्माण होते, तिच्यावर ही अंडी सुमारे ६५ दिवसांत उबतात. पिल्लू नर होणार की मादी, हे या उबेवरच ठरते. घरट्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहून कमी राहिले, तर माद्या निपजतात. ते ३३ अंशांच्या आसपास राहिले, तर नर निपजतात. पिल्ले अंड्यातूनच चिरके आवाज काढू लागली, की आई ढीग उकरते आणि पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याने कासवाचे कवच फुटते, त्याच जबड्याने हे नाजूक कामही होते.

काळ्या रंगाचे कार्य

अंड्यातून बाहेर पडलेले ॲलिगेटरचे पिल्लू जेमतेम वीतभर लांब असते. त्याचे अंग काळे असून त्यावर पिवळे आडवे पट्टे असतात. पाणवनस्पतींच्या सावल्या आणि त्यांतून झिरपणारे ऊन यांच्या सरमिसळीत असे पिल्लू दिसेनासे होते. हे दिसेनासे होणे त्याच्या जिवाचे रक्षण करते. बगळे, रॅकून नावाचा मांजराएवढा निशाचर प्राणी, पाणमांजरे, मोठे मासे आणि खुद्द मोठे ॲलिगेटर हे सारे त्याचे शत्रू आहेत. आई जवळ राहून राखण करीत असली, तरी एका घरट्यातील पिल्लांपैकी फारच थोडी मोठी होतात.

वाढत्या वयाबरोबर पिवळे पट्टे फिके होत जातात आणि अंग काळपट-करडे बनते. आता तोच रंग दुसऱ्या कामी येतो. ॲलिगेटर पाठलाग करून शिकार करणारा प्राणी नव्हे. तो दबा धरून बसणारा आहे. केवळ डोळे व नाकपुड्या पाण्यावर ठेवून तो तासन्‌तास वाट पाहतो. गढूळ पाण्यात त्याचा रंग मिसळून जातो म्हणूनच भक्ष्य त्याच्या टप्प्यात येते.

रंगाचे तिसरे कार्य सूर्याशी निगडित आहे. सरपटणारे प्राणी आपल्या शरीराची उष्णता आतून फारशी निर्माण करू शकत नाहीत; ती त्यांना बाहेरून मिळवावी लागते. तापमान सुमारे २१ अंशांखाली गेले, की ॲलिगेटरची भूक मंदावते. १३ अंशांखाली तो सुस्त होऊन पडून राहतो. यास्तव सकाळी काठावर येऊन ऊन खाणे ही त्याची चैन नसून गरज आहे. उन्हाबरोबर येणाऱ्या अतिनील किरणांपासून त्याच्या कातडीचे रक्षण करते ते मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य. हेच द्रव्य मनुष्याच्या त्वचेत व केसांतही असते.

पांढरेपणाचे दोन प्रकार

पांढरे ॲलिगेटर सारे एकाच प्रकारचे असतात असे नाही. बाहेरून सारखी दिसणारी ही अवस्था दोन निरनिराळ्या कारणांनी उद्भवते.

पहिला प्रकार संपूर्ण वर्णहीनतेचा. येथे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी शरीरात आपापल्या जागी असतात; परंतु मेलॅनिन बनविण्याची जी रासायनिक साखळी आहे, तिच्यातील एखादा दुवा जन्मतःच निकामी असतो. कारखाना उभा आहे, कामगार हजर आहेत. पण एक यंत्र बंद असल्यामुळे माल निघत नाही, असा हा प्रकार होय. मेलॅनिन कोठेच नसल्याने डोळ्यांतही ते नसते. आतील रक्तवाहिन्यांचा रंग बाहेरून दिसतो आणि डोळे गुलाबी वा तांबूस भासतात. अशा प्राण्याची दृष्टीही बहुधा अधू असते. कारण डोळ्यातील मेलॅनिन हे केवळ शोभेचे नसून नको असलेला प्रकाश शोषून घेण्याचे व दृष्टीची योग्य घडण होण्याचे काम त्याच्यावर अवलंबून असते.

दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीतील शास्त्रीय परिभाषेवरून ‘ल्यूसिझम’ म्हणतात. मराठीत त्याला ‘धवलता’ म्हणता येईल. येथे कारखान्यातील यंत्र बिघडलेले नसते. कामगारच कामाच्या जागी पोहोचलेले नसतात. भ्रूणाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत पाठीच्या मध्यरेषेलगत पेशींचा एक पट्टा असतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचे पूर्वज या पट्ट्यात जन्म घेतात आणि तेथून सर्वांगाच्या त्वचेकडे प्रवास करतात. हा प्रवास वा नंतरची वाढ नीट झाली नाही, तर त्वचा रंगाविना राहते. कोठे काही पेशी पोहोचल्याच, तर तेवढ्या ठिकाणी काळा ठिपका दिसतो.

धवल ॲलिगेटरचे डोळे मात्र गुलाबी नसतात. याचे कारण असे की, डोळ्याच्या आतल्या पडद्यातील रंगीत पेशी हा लांबचा प्रवास करीतच नाहीत. त्या डोळ्याबरोबर तेथल्या तेथेच घडतात. म्हणून डोळ्याच्या मागच्या बाजूचा काळेपणा शाबूत राहतो. बाहुलीभोवतालच्या पडद्याचा पुढील थर तेवढा रंगहीन असतो. त्या थरात प्रकाश विखुरतो, त्यातील निळा अंश अधिक परत येतो, आणि मागे काळी पार्श्वभूमी असल्याने डोळा निळा दिसतो. अशा डोळ्यात निळा रंग म्हणून काही असत नाही. आकाशाच्या निळाईशी या घटनेचे जवळचे साम्य आहे.

या दोन्ही प्रकारांहून मनुष्यास होणारे कोड वेगळे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कोडात त्वचेतील रंगपेशी आधी असतात व पुढे आयुष्यात नाश पावतात. वरील दोन्ही अवस्था जन्मजात आहेत.

लुइझियानातील घरटे

फ्लॉरिडाच्या पश्चिमेस, मिसिसिपी नदीच्या मुखाभोवती लुइझियाना राज्याची विस्तीर्ण दलदल पसरली आहे. तेथे १९८७ साली एक विलक्षण घरटे आढळले. त्यात दीड डझनाच्या आसपास पांढरी, निळ्या डोळ्यांची पिल्ले होती. ती निसर्गात राहू दिली असती, तर त्यांचे काय झाले असते याचा तर्क करणे कठीण नाही. ती उचलून आणण्यात आली आणि माणसांच्या देखरेखीखाली वाढविण्यात आली. न्यू ऑर्लिन्स येथील ऑडुबॉन प्राणिसंग्रहालयाने त्यांच्यामुळे मोठी कीर्ती मिळविली. त्यांपैकी ‘स्पॉट्स’, म्हणजे ‘ठिपके’, या नावाचा एक ॲलिगेटर प्रेक्षकांचा विशेष आवडता होता. सुमारे २८ वर्षांचे आयुष्य जगून २०१५ साली तो मरण पावला.

गेटरलँड उद्यानातील पांढरे ॲलिगेटर याच कुळातील आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये या उद्यानाने एका नव्या जन्माची वार्ता जाहीर केली. ‘जेयान’ हा पांढरा नर आणि ‘ॲशली’ ही नेहमीच्या काळ्या रंगाची मादी यांच्यापासून एक पांढरी मादी व एक काळा नर अशी दोन पिल्ले झाली होती. पांढरे पिल्लू त्या वेळी सुमारे ४९ सेंटिमीटर लांब व वजनाने अवघे ९६ ग्रॅम होते. लुइझियानातील त्या मूळ प्राण्यांपासून पूर्ण पांढरे पिल्लू जन्मल्याची ही पहिलीच नोंद असल्याचे, तसेच असे धवल ॲलिगेटर त्या वेळी जगात सातच ज्ञात असून त्यांपैकी तीन आपल्याकडे असल्याचे उद्यानाने सांगितले. पुढे बहिणीचे नाव ‘मिस्टिक’ व भावाचे ‘मेहेम’ असे ठेवण्यात आले.

एकाच जोडप्याची एक संतती पांढरी व दुसरी काळी कशी? प्रत्येक प्राण्यास आनुवंशिक गुणांची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. काही गुण असे असतात की, त्यांची एकच प्रत असली तर ते प्रकट होत नाहीत. दोन्ही प्रती तशाच असाव्या लागतात. अशा गुणांना अप्रभावी म्हणतात. संपूर्ण वर्णहीनता हा असाच गुण होय. आईबाप दोघेही दिसावयास काळे, पण दोघांच्याही अंगी एकेक प्रत दडलेली, असे असेल, तर सरासरीने चार पिल्लांत एक पांढरे निपजते. बाप पांढरा व आई काळी, पण तिच्या अंगी एक प्रत दडलेली, असे असेल, तर सरासरीने निम्मी पिल्ले पांढरी व निम्मी काळी होतात. गेटरलँडमधील बहीण-भाऊ या हिशेबाशी जुळणारे आहेत. घरट्याची ऊब पिल्लाचे लिंग ठरविते. रंग मात्र आईबापांच्या वारशावर ठरतो.

सूर्यापासून दूर

पांढऱ्या ॲलिगेटरचे सारे जीवन एका विसंगतीत सापडलेले असते. तो सूर्याच्या उबेवर जगणाऱ्या कुळात जन्मला आहे. परंतु सूर्याचे किरण त्याला सोसत नाहीत. प्रखर उन्हात त्याची त्वचा भाजून निघते. यास्तव उद्यानांत त्याला सावलीत वा छपराखाली ठेवावे लागते आणि पाणी व हवा यांची ऊब राखावी लागते. दलदलीत असता तर त्याला दोन्हीपैकी एकच निवडता आले असते : ऊन टाळून गारठणे, किंवा ऊन घेऊन भाजणे. अर्थात तेथवर तो पोहोचण्याचा संभव थोडाच. काळ्या पाण्यावरील पांढरे पिल्लू पहिल्याच बगळ्याच्या दृष्टीस पडले असते.

संपूर्ण वर्णहीन प्राण्याची अडचण याहूनही अधिक. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीत २००८ साली ‘क्लॉड’ नावाचा असा एक ॲलिगेटर आणण्यात आला व तो अनेक वर्षे तेथील मुलांचा लाडका होता. त्याच्यासोबत ‘बॉनी’ नावाची नेहमीच्या रंगाची मादी ठेवली होती. क्लॉडची दृष्टी अधू असल्यामुळे तो नकळत तिच्या अंगावर जाऊन आदळे. एकदा तिने चिडून त्याच्या पायाच्या बोटास चावा घेतला; जखम चिघळली आणि ते बोट काढून टाकावे लागले. पुढे त्या दोघांना वेगळे करण्यात आले. रंगाचा अभाव केवळ कातडीपुरता नसतो, हे या लहानशा घटनेवरून समजते.

दुर्मिळतेचा मोह

दुर्मिळ वस्तू आपल्यापाशी अधिक असाव्यात, ही इच्छा स्वाभाविक असली तरी निर्धोक नाही. याचा अनुभव भारताने घेतलेला आहे. रीवा संस्थानच्या जंगलात १९५१ साली पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडण्यात आला; त्याचे नाव ‘मोहन’ ठेवले गेले. एका नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्ले सारी पिवळीच निघाली. तेव्हा त्यांतील ‘राधा’ या त्याच्या स्वतःच्या मुलीशीच त्याचा संयोग घडवून आणण्यात आला आणि १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले. पुढे जगभर पसरलेल्या पांढऱ्या वाघांपैकी बहुतेकांची वंशावळ मोहनपाशी जाऊन पोहोचते. निकटच्या नात्यातील अशा संयोगांमुळे रंगाबरोबर अनेक दोषही पिढ्यान्‌पिढ्या एकवटत गेले. डोळ्यांचा तिरळेपणा तर पांढऱ्या रंगाच्या त्या गुणाशीच जोडलेला आढळतो.

बोटांवर मोजण्याइतक्याच प्राण्यांपासून वंश वाढवावयाचा म्हणजे हा धोका आलाच. जेयानसाठी काळ्या रंगाची जोडीदारीण असणे या दृष्टीने महत्त्वाचे आहे. काळ्या वंशातील विविधता टिकली, तरच पांढऱ्याचेही निभावते.

भारतात पांढऱ्या मगरीही आढळल्या आहेत. ओडिशातील भितरकनिका येथे खाऱ्या पाण्यातील मगरींच्या रक्षणाचे कार्य १९७५ साली सुरू झाले. त्या वेळी जमविलेल्या अंड्यांतून एक फिकट पांढरी मादी निपजली. तिला ‘गोरी’ असे नाव मिळाले आणि दांगमाळ येथील केंद्रात तिला ठेवण्यात आले. तथापि त्या केंद्राची खरी कामगिरी गोरीला वाढविणे ही नव्हे. तेथे वाढवून खाड्यांत सोडलेल्या नेहमीच्या रंगाच्या असंख्य मगरींमुळे भितरकनिकेचे पाणी पुन्हा त्यांनी भरले, ही होय.

सामान्याची कहाणी

अमेरिकन ॲलिगेटरची कथा अशीच आहे. आज फ्लॉरिडातील त्यांची संख्या तेथील वन्यजीव खात्याच्या अंदाजाने सुमारे १३ लाख आहे. त्यामुळे तो प्राणी कधी काळी संपण्याच्या बेतात होता यावर विश्वास बसत नाही. त्याच्या पोटाच्या कातडीचे जोडे, पट्टे व पिशव्या बनत. कातडीच्या या व्यापारासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची बेसुमार शिकार झाली आणि दलदली बुजवून वस्त्या वाढल्या. १९६७ साली तो नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घालण्यात आला. शिकार थांबली, चोरट्या व्यापारास कायद्याने आळा बसला, आणि मादीच्या प्रत्येक घरट्यातून थोडी थोडी पिल्ले वाढत राहिली. १९८७ साली ही जात संकटातून पूर्णपणे सावरल्याचे जाहीर करण्यात आले. लुइझियानात पांढरे घरटे सापडले तेही त्याच वर्षी.

त्याच्या परत येण्याने केवळ एक प्राणी वाचला असे नव्हे. कोरड्या ऋतूत ॲलिगेटर दलदलीत खळगे उकरून पाणी टिकवितो. त्या खळग्यांत मासे, कासवे व पाणपक्षी यांचा निभाव लागतो. गेटरलँडच्या पाणथळीवरील झाडांवर वसंतात बगळे व करकोचे घरटी बांधतात. खाली ॲलिगेटर असल्यामुळे अंडी चोरणारे रॅकून तेथे येण्यास धजत नाहीत. एखादे पिल्लू घरट्यातून खाली पडते व ॲलिगेटरच्या तोंडी जाते. पण उरलेली सुखरूप वाढतात. पक्ष्यांना हा पहारा परवडतो.

पांढऱ्या ॲलिगेटरने हा पहारा कधी केला नाही व त्याला तो करताही येणार नाही. त्याचे छप्पर, त्याची ऊब व त्याचे अन्न हे सारे माणसाने पुरवावे तेव्हा तो जगतो. तो पाहावा, त्याच्याविषयी कुतूहल बाळगावे आणि त्याची काळजीही घ्यावी. कारण माणसाने एकदा ती पत्करली आहे. परंतु उद्यानातून परतताना प्रेक्षक त्याच लाकडी पुलावरून जातो. खाली चिखलात तोच काळपट ओंडका पडलेला असतो, आणि त्याच्या पाठीवर उन्हाचा पट्टा असतो. मघाशी ज्याच्याकडे दुर्लक्ष झाले, तो प्राणी आता निराळा दिसतो. त्याला छप्पर लागत नाही. त्याची दलदल तेवढी त्याच्यापाशी राहिली, की पुरे.